परवडतं का बॉस?

मागच्या महिन्यात आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राने पुण्यात फ्लॅट बुक केला. शनिवारी कॉफीला भेटलो, तर गडी चक्क ब्रोशर घेऊन आलेला. गुळगुळीत कागद, स्विमिंग पूल, क्लब हाऊस आणि कुत्र्याला घेऊन जॉगिंग करणारी ती एक फॅमिली, जी प्रत्येक ब्रोशरमध्ये असतेच. फ्लॅट ऑफिसपासून किती लांब, हे मात्र कुठेच नव्हतं. एअरपोर्ट किती मिनिटांवर, ते होतं. (हा मित्र वर्षातून एकदा विमानात बसतो. ऑफिसला रोज जातो.)

कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘अफोर्डेबल होम्स’.

‘कितीला?’ मी विचारलं.

‘पंचेचाळीसच्या आत. म्हणजे अफोर्डेबल कॅटेगरीत बसतो. जीएसटी फक्त एक टक्का!’

तो खोटं बोलत नव्हता. एप्रिल २०१९ पासून जीएसटीच्या हिशेबात ‘परवडणारं घर’ म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र मुंबईसारख्या महानगरांत ६०, तर बाकी ठिकाणी ९० चौरस मीटरपर्यंत. मी मोबाइलवर हिशेब केला. ९ लाख खिशातले, ३६ लाख कर्ज, वीस वर्षं, व्याज ९ टक्के धरलं तर हप्ता साधारण ३२ हजार ४०० रुपये. दरमहा. वीस वर्षं. तेव्हा आपण जवळजवळ पन्नाशीला असू. स्विमिंग पूलमध्ये उतरायची तब्येत राहील का, हा प्रश्न वेगळा.

माझं म्हणाल, तर मी फ्रीलान्सर. बँकेत होम लोनचं नाव काढलं की समोरचा गोड हसतो आणि सॅलरी स्लिप मागतो. त्यामुळे मला या विषयावर निःपक्षपातीपणे बोलता येतं. असो.

त्याच वीकएंडला मी घरी गेले. घर म्हणजे मोडनिंब. पुणे-सोलापूर हायवेने जाताना टेंभुर्णी मागे पडलं की येतं ते. तालुका माढा, जिल्हा सोलापूर. कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गावर आमचं रेल्वे स्टेशनसुद्धा आहे, उगाच खेडं समजू नका! तुमच्यापैकी अनेक जण तुळजापूरला किंवा हैदराबादला जाताना आमच्या गावावरून सुसाट गेला असाल. तेव्हा रस्त्याच्या कडेला एन.ए. प्लॉटच्या पाट्या दिसल्या असतील. कॉलेजला असताना मी तिथून एसटी पकडायचे, तेव्हा त्या इतक्या नव्हत्या.

संध्याकाळी आमच्या घरासमोर खुर्च्या पडतात. अण्णा, समोरचे द्राक्षबागवाले काका, निवृत्त गुरुजी आणि प्लॉटिंगच्या धंद्यात शिरलेला एक तरुण दादा, ही परमनंट मेंबर मंडळी. त्या दिवशी विषय होता घरकुलाचा.

कारण आमच्याकडे भांगलणीला येणाऱ्या मावशी. त्यांचं नाव घरकुलाच्या यादीत आलेलं. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण. सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये, वर रोजगार हमीतून मजुरीचे दिवस आणि शौचालयाचे वेगळे पैसे. २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यात आणखी ५० हजारांची भर जाहीर केली. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २७० चौरस फुटांच्या आसपास. माझ्या मित्राच्या ब्रोशरमधल्या लिव्हिंग रूमला बाल्कनी जोडली, की तेवढंच होईल.

पण मावशींचा प्रॉब्लेम पैशांचा नव्हताच. ‘घराचं पैसं येत्याल बाई,’ त्या पायरीवर बसून म्हणाल्या, ‘पर घर ठिवू कुठं? मी ऱ्हाती ती जागा माज्या नावावर कुठाय?’

गुरुजींनी लगेच माहिती दिली. जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची वेगळी योजना आहे. आधी ५० हजार मिळायचे, आता १ लाखापर्यंत मिळतात. त्यावर प्लॉटिंगवाला दादा हसला. ‘गुरुजी, हायवेच्या कडेला एक लाखात पाटी येते. प्लॉट नाही.’

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत.

मग काकांनी आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं. ‘फुकट देऊन देऊन सरकारनं माणसं बिघडवली. आमाला कोण देतं का फुकट? त्या सोलापूरला बघा, तीस हजार घरं वाटली. कुणाच्या पैशानं? तुमच्या-आमच्या!’

आणि चर्चा मोडनिंबवरून थेट सोलापूरच्या कुंभारीला पोचली. आमच्या जिल्ह्यात ‘गरिबांची घरं’ हा विषय निघाला की तो कुंभारीला पोचतोच. कुणी म्हणालं, कामगारांनी लढून मिळवली. कुणी म्हणालं, मतांसाठी दिली. कुणी म्हणालं, इतक्या लांब कोण राहणार. नेहमीप्रमाणे यातल्या एकानेही कुंभारी पाहिलेली नव्हती. मीही नव्हती पाहिली. पण माझी आत्या सोलापुरात राहते आणि तिची एक जुनी शेजारीण तिकडे राहायला गेल्याचं मला माहीत होतं. म्हटलं, चला, रविवार सत्कारणी लावू.

सोलापूर म्हटलं की आपल्याला चादर आठवते, शेंगाचटणी आठवते. पण हे शहर मुळात गिरण्यांचं. इथली जुनी मिल १८७७ मधली. गिरण्या, हातमाग, मग यंत्रमाग. तेलंगणातून विणकर पद्मशाली कुटुंबं आली आणि शहराच्या पूर्व भागात स्थिरावली. तिथे आजही दुकानावरच्या पाटीत मराठी आणि गप्पांत तेलुगू असते. पुढे मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या घरांतल्या बायका आधीपासून जे काम करत होत्या, त्यावर चुली चालल्या. ते काम म्हणजे विड्या वळणं.

विडी कामगार बाई कारखान्यात बसून काम करत नाही. ती कारखान्यातून पान आणि तंबाखू घरी आणते. पान भिजवायचं, कापायचं, सूप मांडीवर घेऊन वळत बसायचं, जुड्या बांधायच्या आणि माल परत नेऊन द्यायचा. म्हणजे तिचं घर हेच तिचं ऑफिस. आपण २०२० मध्ये ‘वर्क फ्रॉम होम’ शोधून काढलं असं आपल्याला वाटतं, पण सोलापूरच्या बायका पिढ्यान् पिढ्या तेच करताहेत. फक्त त्यांचं ऑफिस म्हणजे दहा बाय दहाची भाड्याची खोली, तिथेच चूल, तिथेच पोरांचा अभ्यास आणि तिथेच तंबाखूची धूळ.

या बायकांना स्वतःचं घर हवं, ही मागणी लाल बावट्याच्या युनियनने धरून ठेवली. पुढे होते नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरचे आडम मास्तर, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे, १९७८, १९९५ आणि २००४ असे तीन वेळा आमदार झालेले. वर्षानुवर्षं मोर्चे निघाले. शेवटी अक्कलकोट रस्त्यावर, शहराबाहेर कुंभारीला १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि कामगार बाईचा स्वतःचा वाटा. वसाहतीला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं, वारली आदिवासींच्या लढ्यातल्या गोदूताईंचं. २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग घरं सुपूर्द करायला आले होते.

आणि काकांची ती ‘तीस हजार घरं’ म्हणजे त्यानंतरचं रे नगर. तेही कुंभारीलाच. भूमिपूजन ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते. १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या १५ हजार घरांचं लोकार्पणही त्यांच्याच हस्ते. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका, रिक्षावाले अशा लोकांची ही घरं. लहानपणी आपल्यालाही अशा घरात राहायला मिळालं असतं तर, असं म्हणताना त्या दिवशी मोदींचा गळा दाटून आला होता. टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल.

यातली गंमत बघा. एका वसाहतीला काँग्रेसचे पंतप्रधान, दुसरीला भाजपचे, आणि दोन्हींच्या मागे कम्युनिस्ट! २०१९ च्या कार्यक्रमात मोदींचं कौतुक केलं म्हणून आडम मास्तरांना त्यांच्याच पक्षाने केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं होतं. घरासाठी माणूस काय काय करतो, हे हप्ते भरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आत्यासोबत मी कुंभारीला गेले. सोलापूरची गर्दी संपते, मग मोकळं माळरान लागतं आणि मग एकदम घरंच घरं. आत्याची शेजारीण म्हणजे अक्का. वय साठीच्या पुढे, बोटं पिवळसर, हात बोलतानाही थांबत नव्हते. तेलुगू वळणाचं मराठी. त्या गोदूताई वसाहतीत राहतात, आणि रे नगरात त्यांच्या बहिणीच्या मुलाला घर मिळालंय.

‘आधी कसं होतं अक्का?’

‘पत्र्याची खोली होती पोरी. पावसाळ्यात आम्ही भिजलो तर चालतंय, पान भिजलं तर मजुरी कापली जाते. म्हणून पान खाटेवर आणि आम्ही खाली.’ त्या हसल्या. ‘इथं आलो तेव्हा पहिल्या रात्री मी दाराला आतून कडी लावली, काढली, परत लावली. आपलीच कडी म्हणून.’

हे ऐकून मला वाटलं, झालं, कॉलम मिळाला. सुखान्त! पण अक्का पुढे बोलत राहिल्या. सुरुवातीला इथे काहीच नव्हतं. माल द्यायला शहरात जायचं, दवाखान्याला शहरात, भाजीलाही शहरात. ‘घर मिळालं पण पाय मोडले’ असं बायका म्हणायच्या. काही जणी घराला कुलूप लावून परत भाड्याच्या खोलीत गेल्या होत्या. अक्का चिकटून राहिल्या. हळूहळू दुकानं आली, रिक्षा आल्या. पण त्यांची सून शहरात युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटमध्ये जाते. रोजच्या मजुरीतला किती भाग येण्याजाण्यावर जातो, याचा हिशेब अक्कांना तोंडपाठ होता. रस्त्यात जाणाऱ्या दोन तासांचाही.

निघताना त्यांनी मला विचारलं, ‘तू पुण्यात कुठं राहतीस? कामाला जवळ आहे का?’

खोली केवढी, भाडं किती, लिफ्ट आहे का, हे काही नाही. पहिला प्रश्न, कामाला जवळ आहे का.

परतताना बसमध्ये मी पुन्हा हिशेब मांडला. २०१९ च्या आराखड्यात रे नगरचा खर्च होता १८११ कोटी ३३ लाख. त्यात केंद्र आणि राज्य मिळून मदत ७५० कोटींची. ३० हजार घरांनी भागा. घरामागे खर्च सहा लाखांच्या थोडा वर, सरकारी मदत अडीच लाख. यात केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. उरलेले साडेतीन लाख ज्याचं घर त्याचे. म्हणजे आराखड्याप्रमाणे निम्म्याहून जास्त पैसे कामगाराचेच! आणि काका म्हणत होते ‘फुकट’.

पण खरा धक्का पुढे होता. अडीच लाख हा आकडा मला कुठेतरी ऐकल्यासारखा वाटत होता. आठवलं. आमच्या दादाच्या घरी!

दादा पिंपरीत राहतो, आयटीत आहे. २०१९ मध्ये त्याने टूबीएचके घेतला, तेव्हा त्याच्या कर्जखात्यात सबसिडी जमा झाली होती. योजना तीच, प्रधानमंत्री आवास योजना-शहरी. तिचा एक भाग मध्यमवर्गासाठी होता. जानेवारी २०१७ ते मार्च २०२१ पर्यंतच्या कर्जांना तो लागू होता. वार्षिक उत्पन्न ६ ते १२ लाख असेल तर व्याज सवलत २ लाख ३५ हजारांपर्यंत. १२ ते १८ लाख असेल तर २ लाख ३० हजारांपर्यंत. म्हणजे वर्षाला अठरा लाख कमावणाऱ्याला आणि कचरा वेचणाऱ्या बाईला, सरकारने घरासाठी दिलेली मदत जवळपास सारखीच. वर जुन्या करपद्धतीत होम लोनच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट आहे, ती वेगळी.

आणि आम्ही काय केलं होतं? पेढे वाटले होते! मोडनिंबला याच खुर्च्यांवर. काकांनी दोन घेतले होते. दादा बिघडला, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. मी तर ‘सॉलिड डील आहे’ म्हटलं होतं.

बरं, विडी कामगार बायकांचा या पैशांशी काही संबंधच नाही, असंही नाही. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसवला होता आणि त्यातून विडी कामगारांच्या कल्याणाचा निधी उभा राहायचा. दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरांसाठी मदत. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हा उपकर रद्द झाला. त्याच्याआधी चाळीस वर्षं, अक्कांनी वळलेल्या विड्यांवर सरकारने हा पैसा गोळा केला. दादाने लिहिलेल्या कोडवर असा वेगळा उपकर कुणी लावल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा सबसिडी घ्यावी की नाही, हा वाद मला आता बोगस वाटतो. घर घेताना सरकारचा हात सगळ्यांनाच लागतो. फरक एवढाच की आपल्या मदतीला ‘बेनिफिट’ म्हणतात, त्यांच्या मदतीला ‘फुकट’. खरा वाद घालायला हवा तो अक्कांच्या प्रश्नावरून. घर बांधताय ना, मग ते कामाच्या किती जवळ बांधताय? स्वस्त जमीन नेहमी लांबच असते, म्हणून परवडणारी घरंही लांब जातात. घरावर वाचलेले पैसे मग रोज थोडे थोडे तिकिटात जातात, आणि वेळ जातो तो कुठल्याच आराखड्यात धरलेला नसतो. म्हणून कुंभारी चुकली का? अक्कांच्या दाराची ती कडी बघितल्यावर मी तरी असं म्हणणार नाही. पण चौथ्या-पाचव्या वर्षी येणारी बस पहिल्याच दिवशी आली असती, माल घेणारा कारखाना, दवाखाना, शाळा ही घरांसोबत बांधली असती, तर ती कुलपं लागली नसती.

संध्याकाळी मोडनिंबला खुर्च्या पुन्हा पडल्या. मी दादाच्या सबसिडीचा आकडा काढला. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की घरचं बाहेर काढलंस! काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘ते जाऊ दे. मावशींच्या जागेचं काय करायचं ते बोला.’

आमच्याकडे याला माघार म्हणतात. मी ती मोठ्या मनाने स्वीकारली.

गुरुजी म्हणाले, गावठाण वाढवून जागा मागायला हवी, ग्रामसभेत विषय घेऊ. प्लॉटिंगवाल्या दादाने माळावरची एक जागा सुचवली. स्वस्तात मिळेल म्हणे, गावापासून थोडी बाजूला आहे इतकंच. यावर पायरीवरून आवाज आला. ‘माळावर नगं. सकाळी सातला मी तुमच्या बागेत हजर पायजे आन् पोरगी शाळंत. तितनं कवा निघू?’

काकांनी मान डोलावली. त्यांची बाग होती ना! विषय मिटला नाही, पण पहिल्यांदाच ‘द्यायचं का’ ऐवजी ‘कुठं द्यायचं’ यावर बोलणं झालं. ग्रामसभेला मावशींसोबत गुरुजी उभे राहणार आहेत. काय झालं ते कळवीनच.

पुण्याला परतल्यावर मित्राचा फोन. साइट बघायला येतेस का, लोकेशन पाठवतो. म्हटलं, लोकेशन राहू दे, एक काम कर. सोमवारी सकाळी साडेआठला त्या साइटवरून ऑफिसला निघ आणि मला फक्त वेळ कळव.

सोमवारी सव्वादहाला मेसेज आला. ‘आत्ता पोचलो. टोकन परत मिळतं का गं?’